खिडकीकडे पाठ

“आभाळ कसं आहे गं?” सुईत दोरा ओवता ओवता तांत ओर्तांसनं विचारलं.

“निळं आहे.”

“निळं तर सगळ्यांनाच दिसतं. कडेला बघ, कडेला.”

मी कडेला बघितलं. नदीपलीकडच्या टेकड्यांमागून एक ढग वर येत होता. वेचणीनंतर आमच्याकडे घराघरांत कापसाची गंजी लागते ना, तसा. पांढरा, फुगलेला. बाकी आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं.

“एक ढग आहे. पांढरा.”

“वर पांढरा. आणि खाली?”

“खालचं दिसत नाही. टेकडी आड येते.”

“मग ओलांडू दे त्याला टेकडी. तोवर ही शिलाई होते.”

आम्ही अंगणात बसलो होतो. तिच्या मांडीवर एक तपकिरी पँट होती आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये, समोरच्या तिवईवर, उशी घेऊन बसलेला. ऑगस्टच्या सुरुवातीलाच ती घंटेच्या मनोऱ्यात पायरी चुकली होती. मोरिन्याक गावात कपडे शिवणारी तीच आणि चर्चची घंटा वाजवणारीही तीच. वय पंचाहत्तरीच्या पुढे. तांत म्हणजे त्यांच्या भाषेत मावशी, काकू, आत्या सगळं एकच. सख्खं कुणीच उरलं नव्हतं, आणि अख्खा गाव तिला तांत म्हणायचा.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, लहानशा नदीच्या वळणावर बसलेलं हे गाव. शहर म्हणावं तर एका संध्याकाळी पायी फिरून संपतं. खेडं म्हणावं तर चौकात दगडी कमानींचा बाजार आहे, नगरपालिका आहे, लढाईत गेलेल्यांच्या नावांचा खांब आहे. आणि तिन्ही बाजूंनी द्राक्षं. नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका संघानं मला एका हंगामापुरतं तिकडे शिकायला पाठवलं होतं. मी मूळची आर्वीकडची, कापसाच्या मुलखातली. कामाला जायची गावातल्या सगळ्यात मोठ्या मळ्यावर, एदमों देल्माकडे. आणि राहायची तांत ओर्तांसच्या माडीवर.

पहिल्याच आठवड्यात जेवताना तिनं घंटेचं सांगितलं होतं. गारांचा ढग आला की घंटा वाजवायची. मी विचारलं, “मग गार थांबते?”

ती एवढी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

“घंटेनं गार थांबते होय! तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, पोरी? गार पडते. जिथं पडायची तिथं पडते. पण पहिली गार पडायच्या आत घंटा वाजली, तर ती गार सगळ्यांची होते. ज्याचा मळा वाचला, त्यानं आपल्या पहिल्या दिवसाची तोडणी ज्याचा मळा झोडपला त्याला द्यायची. कुणी मागायची नाही, कुणी सांगायची नाही. नुसती नेऊन ओतायची.”

“आणि घंटा वाजली नाही तर?”

“तर ज्याची त्याची गार.”

“मग घंटा वाजवणाऱ्यानं स्वतःच्या मळ्यासाठी वाजवली तर?”

“म्हणूनच,” ती म्हणाली, “ज्याच्या घरी द्राक्षाचा वेल नाही त्याच्याच हाती चावी. माझ्या आईकडे नव्हता, माझ्याकडे नाही. अंगणात वेल चढवला असता तर सावली झाली असती. पण मी बापडी लिंडेनचं झाड लावून बसले.”

तेव्हा मी हसले, पण मनातून नाही. आमच्या घरात गारा हा विषय कुणी काढत नसे. माझे आजोबा गारपगारी होते. पूर्वी आमच्या भागात गावोगाव असा एक माणूस असायचा. ढग दिसला की त्यानं बांधावर उभं राहायचं, मंत्र म्हणायचे, गळ्यातली शिंगी वाजवायची आणि गार वळवायची. त्याबद्दल गावानं त्याला खळ्यावर धान्य द्यायचं. माझे बाबा शिकले, शाळामास्तर झाले, आणि आजोबांची शिंगी त्यांनी पत्र्याच्या पेटीत तळाशी घातली. मी होस्टेलला निघाले तेव्हा त्यांनी एवढंच बजावलं होतं, “आपल्या आजाचं कोणाले सांगू नको.” आई मात्र जात्यावर बसली की गुणगुणायची,

काळ्या गं ढगापोटी । हिरवी हिरवी झाक
बांधावर उभा आजा । त्याची शिंगी घाले हाक

बाबा घरात असले की ती ही ओवी गिळून पुढची घ्यायची.

*

अंगणाचं फाटक वाजलं. एदमों देल्मा आत आला. उंचापुरा, लालबुंद, टोपी मागे सरकवलेली.

“माझी पँट झाली का, तांत?”

“पाय मोडलाय माझा.”

“पायानं शिवतेस का तू?”

“तुझी पायानंच शिवणार आहे. थांब तोवर.”

तो हसला. एदमों वाईट माणूस नव्हता. मला काम शिकवताना त्यानं कधी आवाज चढवला नाही. पण मागच्या वर्षी गार नदीकाठच्या सखल पट्ट्यावर पडली होती, जिथं गावातल्या लहान लोकांचे तुकडे आहेत. घंटा वेळेवर वाजली होती. वाचलेल्या सगळ्यांनी पहिल्या दिवसाची तोडणी नेऊन ओतली. फक्त एदमोंच्या गेटला त्या दिवशी कुलूप होतं. फिर्में नावाचा एक जण, त्याचा पूर्ण तुकडा गेला होता. तो त्या कुलपासमोर बराच वेळ उभा राहिला आणि परत गेला. त्यानं ते वर्ष दुसऱ्यांच्या मळ्यांवर रोजानं काढलं. ज्या शाळेत तो आणि एदमों एका बाकावर बसले होते, तिच्यावरून जातानाही तो तोंड फिरवी.

त्यानंतर नगरपालिकेत बैठक झाली. घंटेला मोटर बसवावी, बटण दाबलं की वाजेल, गारांचा रिवाज आता सगळे पाळत नाहीत, असं ठरत आलं होतं. तांत ओर्तांस उभी राहून म्हणाली होती, “अजून एकदा वाजू द्या. वाजून जर रिवाज पाळला गेला नाही, तर चावी मी स्वतः आणून देईन.” तिच्या आईची चावी होती ती, तिच्या आजीची चावी.

“ढग बघितलास?” एदमों आता टोपी हातात घेऊन म्हणाला. “आज नको वाजवू, तांत. माझा विमा आहे. ज्याचा नाही त्यानं काढावा. जग कुठं गेलं.”

“विमा वाजतो का रे घंटेसारखा? ऐकव बघू.”

“चेष्टा नको. तुझा पाय हा असा. वर जाणार कोण?”

तांत ओर्तांसनं माझ्याकडे मान केली.

“ही?” एदमों म्हणाला. “ही तर माझ्याकडे कामाला आहे.”

“कामाला आहे. वेल आहे का हिच्याकडे?”

एदमोंनं खांदे उडवले. “रुक्मा, ट्रॅक्टर मी आत घेतो. तू इथंच थांब, हिला सांभाळ.” फाटकाशी तो वळला. “आणि पँट?”

“जा रे बाबा!”

तो गेला. तांत ओर्तांस टाके घालत राहिली. अंगणात मधमाश्या होत्या, त्या हळूहळू कमी झाल्या.

“ह्या घंटेचं नाव मार्गरित,” ती मनोऱ्याकडे न बघताच म्हणाली. “तीन बहिणी होत्या. राज्यक्रांतीत सरकारला तोफांसाठी धातू हवा होता. दोघींना नेलं. हिला गावकऱ्यांनी दारूच्या पिंपात बुडवून ठेवली. शिपाई आले, पिंपातली दारू प्याले, आणि घंटा दिसायच्या आत झोपले.”

“खरं?”

“मला काय माहीत! मी होते का तिथं? पण आई सांगायची. मग वेलींना उवा लागल्या, अख्ख्या देशातल्या वेली मेल्या, तेव्हा गावात वाटायलाच काही नव्हतं. पहिल्या लढाईत बाप्ये गेले. बाप गेला माझा, त्या खांबावर आहे नाव त्याचं. तेव्हा बायकांनी तोडलं, बायकांनी ओतलं. आणि दुसऱ्या लढाईत जर्मनांनी घंटेला कुलूप घातलं. आणि त्याच वर्षी जूनमध्ये गार आली.”

“मग?”

“मग आईनं मुरांब्याचं तांब्याचं पातेलं घेतलं, खिडकीत उभी राहिली आणि पळीनं बडवायला लागली. मी समोरच्या घरी पळाले, त्यांचं पातेलं. तिनं शेजारीण उठवली, तिचं पातेलं. सगळ्या गल्लीतून पातेली. जर्मन शिपाई चौकात उभा, बघतोय, त्याला वाटलं ह्या गावाला वेड लागलं.” तिनं गाठ मारली. “आणि त्या वर्षीही ओतलं लोकांनी. पातेल्यावर सुद्धा. अंधार झाला का गं?”

झाला होता. ढगानं टेकडी ओलांडली होती. मी उठून अंगणाच्या कडेला गेले. वारा पडला होता. ढगाचं पोट दिसलं. काळ्यावर हिरवट झाक. आणि आवाज. गडगडाट नाही, लांबच्या पुलावरून मालगाडी जात राहावी, जातच राहावी, तसा.

“तांत, पोट हिरवट आहे. आणि घुमतंय.”

तिनं पहिल्यांदा मान वर केली. आधी ढगाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

“कुठं शिकलीस हे?”

“कॉलेजात,” मी म्हटलं.

तिनं गळ्यातली चावी काढली. मोठी, लोखंडी, अंगठ्याच्या जागी झिजून पातळ झालेली.

“धावू नको. धावणाऱ्याच्या हातात दोरीचा ताल राहत नाही. वर दोरीपाशी दगडात दोन खळगे पडलेत, पाय ठेवून ठेवून. तिथंच उभी राहा. खिडकी पाठीमागे येईल. वळून बघायचं नाही.”

“का?”

“वर गेल्यावर कळेल. आधी तीन सावकाश, मग थांबू नको.”

*

गल्लीत दारं लागत होती. फिर्में आपली सायकल भिंतीला टेकवत होता. बुटका, कोरड्या चेहऱ्याचा माणूस. माझ्या हातात चावी बघून त्यानं टोपीला हात लावला. मला नाही, चावीला.

“जपून. पायऱ्या ओल्या असतात,” तो म्हणाला.

मनोऱ्यात थंड होतं, कबुतरांचा वास होता. मी चढले. दोरीची खोली लहान. मधोमध छतातून दोरी खाली आलेली, हातांनी काळी, गुळगुळीत. तिच्यासमोर दगडात दोन खळगे. बायकी पायांचे. मी त्यांत पाय ठेवणार, इतक्यात वाऱ्याचा पहिला झोत खिडकीतून आला आणि मी वळले.

वळायला नको होतं.

तिथून सगळं मोरिन्याक दिसतं. नदीचा सखल पट्टा, लहान लहान तुकडे, कुणाचं एक झोपडं, कुणाचं अंजिराचं झाड. आणि दक्षिणेचा अख्खा उतार एदमोंचा, विंचरलेल्या केसांसारख्या सरळ रांगा. पावसाचा पांढरा पडदा नदीपलीकडून येत होता, पण नदीकाठाला तो शिवत नव्हता. वाकडा होऊन सरळ दक्षिण उताराकडे निघाला होता. पाटीवर खडूनं रेघ ओढावी इतकं स्वच्छ दिसत होतं ते.

तेव्हा मला कळलं, का वळायचं नाही.

नाही वाजवली, तर गार एदमोंची. ज्यानं मागच्या वर्षी गेटला कुलूप लावलं, त्याचीच. फिर्मेंला काही द्यावं लागणार नाही. कुणी म्हणणार नाही की परक्या पोरीनं मालकासाठी दोरी ओढली. आणि रिवाज मोडणार नाही, कारण मोडायला संधीच मिळणार नाही. तांत ओर्तांसच्या गळ्यात चावी राहील. वाजवली, तर फिर्मेंनं एदमोंच्या दारात करंडी ओतायची. तो ओतणार आहे का? कुणीही ओतलं असतं का? आणि नाही ओतली, की चावी गेली. माझ्या हातानं गेली.

खाली गल्लीत कुणीतरी ओरडलं, “वाजव की!” आवाज फिर्मेंचा होता. त्याला खालून काहीच दिसत नव्हतं. त्याच्यासाठी गार अजून कुणाचीच नव्हती.

मी खिडकीकडे पाठ केली. पाय खळग्यांत ठेवले. ते माझ्या पायांना थोडे मोठे होत होते. आणि दोरी ओढली.

पहिल्यांदा नुसती दोरी आली, आवाज नाही. मग वरून, जणू कुणी झोपेतून उठून विचारावं, तसा एक ठोका. दुसरा. तिसरा. मग मी थांबले नाही. भिंतीकडे बघत ओढत राहिले. जात्याला जसा हात लागतो तसा हात लागला. ओढायचं, सोडायचं, ओढायचं. पाठीमागे पहिली गार कौलांवर वाजली तेव्हा मार्गरित पूर्ण जागी झाली होती.

*

गार थांबल्यावर गाव बाहेर आला. चौक ओला, पण अख्खा. एखाददुसरं कौल फुटलेलं. सगळे दक्षिणेकडे बघत होते. उतारावर हिरवं राहिलं नव्हतं. नुसते खुंट आणि तारा. चिरडलेल्या पानांचा कच्चा वास चौकापर्यंत येत होता.

“नदीकाठ?” कुणीतरी विचारलं.

“नदीकाठाला पाणी सुद्धा धड नाही.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. घोळक्यात पाववाली बाई होती, ती म्हणाली, “मालकाचं मीठ खाल्लंय, वाजवणारच.”

फिर्में पुढे आला. “खिडकीतून बघितलंस?”

नाही म्हणता आलं असतं. “बघितलं,” मी म्हटलं.

“वाजवायच्या आधी?”

“आधी.”

“कुठं चाललीय ते दिसलं?”

“दिसलं.”

 त्यानं सायकल घेतली, आणि तिच्यावर न बसता हातानं ढकलत निघून गेला.

अंगणात तांत ओर्तांस भिजलेली बसली होती. तिला आत न्यायला कुणी आलंच नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. बघितलं तेही.

“मग वाजवलीस कशाला?” तिनं विचारलं.

“पाठ केली, आणि मग दुसरं काही सुचलं नाही.”

ती प्लॅस्टरकडे बघत होती. ओल्यानं त्याचा कोपरा सुटला होता. “मी चाळीस वर्षं एकदाही वळले नाही,” ती म्हणाली. “मला वाटायचं, वळले तर माझ्यानं वाजणार नाही.” मग चावी मागून घेतली आणि गळ्यात घातली. “बघू. सप्टेंबरपर्यंत आहे ही माझी.”

त्या रविवारी मी पोस्टातून घरी फोन लावला. आर्वीला आमच्या घराखाली एस.टी.डी. बूथ होतं, बूथवाल्यानं बाबांना हाक मारून आणलं.

“काऊन वं? बरी हायस ना?”

“बरी आहे. बाबा, आजोबा गार खरंच वळवायचे का हो?”

लाइन खरखरली. 

“आता हे काय काढलं तू?”

“सांगा ना.”

“गार कोणाच्या बापाच्यानं वळते?” बाबा म्हणाले. “त्याले बी ठाऊक होतं, गावाले बी ठाऊक होतं.”

“मग धान्य कशाचं द्यायचे?”

आता आवाज खाली आला. बूथवाला ऐकत असणार. “गार पडली का तुहा आजा पयले झोडपलेल्या वावरात जाये. बांधावर बसे त्या माणसाजवळ, काही बोले नाही. मंग दुसऱ्या दिवशी शिंगी घेऊन दारोदार. ज्याचं वाचलं त्याच्या घरून पायली-पायली घे, अन् डोक्यावर गाठोडं घेऊन ज्याचं गेलं त्याच्या घरी नेऊन टाके. लोक म्हणत, गारपगारी मागत फिरते. मी संगं असो. लहान पोतं माह्या डोक्यावर. शाळेतले पोट्टे मले भिकमांग्या म्हणत.” मग ते म्हणाले, “घरी काय राहे? गावानं खुशीनं देल्लं तेवढं. आपल्याजवळ बित्ताभर वावर नव्हतं. कधीच नव्हतं. असतं त मी शिकलोच नसतो.”

“तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“तू कधी इचारलं?” मग लगेच, “जेवते ना तिकडे बराबर? ठेवतो.”

*

सप्टेंबरच्या मध्यावर तोडणी सुरू झाली. पहिल्या दिवशी सकाळपासून नदीकाठावर माणसं दिसत होती. पाठीवर करंड्या, हातात कात्र्या, लहानसं गाणं एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाणारं. एदमोंच्या मळ्यावर तोडायला काहीच नव्हतं. तो आणि मी रिकाम्या तळघरात पिंपं धूत होतो. आधीच धुतलेली.

“गेट उघडं आहे का?” त्यानं एकदा विचारलं.

“आहे.”

“लावू नको.” मग स्वतःशीच, “लावलं तरी काय. कोण येणार आहे.”

दुपार झाली. मी जेवायला घरी गेले. तांत ओर्तांसनं खुर्ची दारात आणून घेतली होती. प्लॅस्टर निघालं होतं, काठी आली होती. मांडीवर ती तपकिरी पँट, पँटवर चावी. नगरपालिकेचा माणूस संध्याकाळी चावीचं विचारायला येणार होता. आम्ही दोघी सूप प्यालो. 

परत जाताना उताराच्या रस्त्यावर एक माणूस दिसला. बुटका. पाठीवर करंडी एवढी भरलेली की मागून नुसती करंडीच चालत होती. मी पावलं आवरली आणि त्याच्या मागे राहिले.

एदमों गेटमध्ये आला. फिर्में थांबला. घामानं निथळत होता.

“कुठं ओतू?” त्यानं विचारलं.

 “माझा विमा आहे, फिर्में.”

“असेल. त्यात द्राक्षं येतात का?”

“मागच्या वर्षी मी…”

“मागच्या वर्षी मी इथंच उभा होतो. मला माहीत आहे तू काय केलंस.” फिर्मेंनं पट्टा खांद्यावर सरकवला. “घंटा वाजली. मीच खालून ओरडलो वाजव म्हणून. आता मी काय परत गिळू ते? माझे खांदे गेलेत, एदमों. कुठं ओतू सांग, नाहीतर तुझ्या डोक्यावर ओततो.”

एदमोंनं हात पुढे केले आणि करंडीचा तळ खालून धरला. दोघांनी मिळून ती पिंपात उपडी केली. काळी द्राक्षं, धूळ बसलेली, एक-दोन गांधीलमाश्या सोबत. रिवाज असा की घेणाऱ्यानं देणाऱ्यासमोर त्यातला एक घड खायचा. एदमोंनं घड उचलला. पहिला मणी तोंडात घातला आणि चावता चावता भिंतीकडे वळला. बराच वेळ तो आमच्याकडे पाठ करून उभा होता.

“आंबट आहेत का?” फिर्मेंनं विचारलं.

एदमोंनं न वळता मान हलवली.

“मग खा नीट. अजून पाच खेपा आहेत माझ्या.”

रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे अजून एक. पाववाल्या बाईचा नवराही होता, त्यांची जेमतेम चार रांगांची वेल. सगळे जण दुपारपर्यंत आपापल्या रांगांत वाकून एकाच माणसाकडे डोळे लावून बसले होते; तो चढ चढतो का, ते बघत. तो चढला, तसे सगळे चढले.

संध्याकाळी नगरपालिकेचा माणूस आला, दारातल्या खुर्चीजवळ थोडा घुटमळला, “आज हवा बरी आहे, तांत,” म्हणाला, आणि गेला. थोड्या वेळानं गल्लीतून चाकांचा खडखडाट आला. एदमों एका हातगाड्यावर दारूचं पिंप ढकलत चालला होता. मागच्या वर्षीची दारू, कुलपामागची. फिर्मेंच्या घराकडे. आमच्या दारासमोरून जाताना त्यानं आमच्याकडे बघितलं नाही. आम्हीही दारावरच्या जाळीच्या पडद्याकडे बघत राहिलो.

चाकं वळणावर गेल्यावर तांत ओर्तांसनं चावी उचलून गळ्यात घातली. मग पँट उलटी केली आणि राहिलेली शेवटची शिवण घ्यायला लागली.

“उद्या नेऊन दे त्याला. म्हणावं, पायानंच शिवली.”

“तांत,” मी म्हटलं, “ढगाचं मी कॉलेजात नाही शिकले.”

“हं.”

“माझे आजोबा गावाच्या गारांवर होते.”

सुई थांबली. “घंटा होती त्यांच्याकडे?”

“नाही. शिंगाची एक लहानशी पिपाणी. गळ्यात असायची.”

तिनं आपल्या गळ्यातल्या चावीला नकळत हात लावला.

“आणि शेत?”

“नव्हतं. बित्ताभर सुद्धा नाही.”

“नसणारच,” ती म्हणाली, आणि दातांनी दोरा तोडला.